तेवढंच एक कडवं

तात्या, तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता आणि मी त्याचं उत्तर दिलं नव्हतं. तुम्ही ओसरीवर वायर गुंडाळत होता. पंजा आणि कोपर यांच्यावरून वेढे घेत, माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, "न्हाय म्हनलं, तर इश्वास ठेवशील का?" मी चप्पल काढायच्या निमित्ताने खाली वाकलो आणि गरजेपेक्षा जास्त वेळ वाकून राहिलो. तुम्ही पुढचा वेढा घेतलात. त्यानंतर आपण रोज बोलत होतो, एका ताटलीतल्या शेंगा खात होतो, एकदा एसटीने वरकुट्यालाही जाऊन आलो. पण तो प्रश्न ओसरीवरच राहिला. तुमचा दहावा होऊन आता चार दिवस झाले. आज उत्तर लिहायला बसलो आहे. जमेल की नाही, माहीत नाही.

मी बारामतीला कॉलेजात आलो तेव्हा आमच्या घरातलं दहावीपुढे गेलेलं मी पहिलंच माणूस होतो. राहायचं कुठे, हा प्रश्न वडिलांनी एका वाक्यात सोडवला: बिरू हाय की तितं. तुम्ही आणि वडील लहानपणी एकाच कळपामागे हिंडलेले. पुढे वडील उसाकडे वळले आणि तुम्ही लाऊडस्पीकरकडे. तुमच्या घरात माझं अंथरूण दोन कर्ण्यांच्या मध्ये असायचं, उशाशी अ‍ॅम्प्लिफायर. पहिल्या रात्री काकींनी बजावलं, झोपेत पाय मारू नकोस, परवा साखरपुडा आहे. पायाला लागेल याची काळजी त्यांना नव्हती, कर्ण्याला पोचा पडेल याची होती.

कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात सरांनी काही विचारलं, आणि मी उभा राहून "न्हाय सर" म्हणालो. वर्ग हसला. फार नाही, थोडाच हसला. पण मी त्या दिवसापासून रस्त्याने येताजाता ओठातल्या ओठात "नाही, नाही" असं घोकायला लागलो. तुम्हाला ते लगेच कळलं. काकींनी भाकरी घेऊन विचारावं आणि मी "नाही" म्हणावं, की तुम्ही ताटावरून मान वर करून म्हणायचात, "आज कालिज आलंया व्हय जेवायला?" मी रागवायचो. राग गेल्यावरही मी "नाही"च म्हणायचो.

आपला मोठा वाद सुरू झाला तो एका चिठ्ठीवरून. वादविवाद स्पर्धेसाठी सरांनी विषयाच्या चिठ्ठ्या वाटल्या आणि माझ्या वाट्याला आलं: वयोवृद्ध रॉक बँडांनी दौऱ्यांना महाग तिकिटं लावणं योग्य आहे का? मला रॉक म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण बँड ठाऊक होता. घरी येऊन तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही गंभीर झालात. वरातीतल्या बँडला तिकीट कोण लावतं, हे आपल्या दोघांनाही कळेना. मग आपण अर्धा तास त्यावरच बोललो. दात पडलेल्या माणसाला क्लॅरोनेट वाजवता येईल का, म्हाताऱ्या ढोलवाल्याला वरातीबरोबर किती चालवायचं, आणि नवरदेवाच्या बापाने त्याला जास्त पैसे का द्यावेत. तुमचं म्हणणं होतं की द्यावेत, कारण म्हातारा घाई करत नाही. माझं म्हणणं होतं की त्याच कारणासाठी देऊ नयेत.

दुसऱ्या दिवशी होस्टेलवरच्या मित्राने मला सांगितलं की हे बँडवाले म्हणजे परदेशातले गिटारवाले, साठी ओलांडली तरी देशोदेशी कार्यक्रम करत हिंडतात, आणि लोक पगार मोडून तिकीट काढतात. मी शरमून घरी आलो आणि तुम्हाला चूक सांगितली. तुम्ही मात्र शरमला नाहीत. "मंग आपलं मास्तर काय येगळं हायती?" म्हणालात.

मास्तर कोण, ते मला त्या दिवशी कळलं. तुमच्या तरुणपणी गिटारी, ड्रम आणि पांढरे बूट घेऊन गावोगाव येणाऱ्या ऑर्केस्ट्राचे मुख्य गायक. तुम्ही त्यांना बघण्याआधी ऐकलं होतं, घोड्याच्या पाठीवरच्या ओझ्याला टांगलेल्या ट्रान्झिस्टरवर, कापून नेलेल्या उसाच्या रानात मेंढरं बसवलेली असताना. त्यांच्या एका गाण्यात शेवटच्या कडव्याला आवाज अचानक वर जायचा. तो वर गेला की मेंढरंसुद्धा चरायची थांबून मान वर करायची, असं तुमचं म्हणणं. मी म्हणालो, मेंढरं कशालाही मान वर करतात. तुम्ही म्हणालात, कालिजातली बी.

स्पर्धेत मी विरुद्ध बाजूने बोललो. आवाज गेल्यावर उरतं ते नाव, आणि नावावर तिकीट लावणं म्हणजे रिकामं पोतं काट्यावर चढवणं, असं माझं वाक्य होतं. टाळ्या पडल्या, नंबर आला नाही. तुम्ही ते वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलंत आणि मग विचारलंत, नोकरीतनं उतरलेल्या माणसाला पेन्शन मिळते, ती कशाची? त्यानं काल केलेल्या कामाचीच ना? मी म्हणालो, पेन्शन घेणारा आज काम करतोय असं सोंग करत नाही. यावर तुम्ही शेजारचा कर्णा पुसायला घेतलात. मला वाटलं, जिंकलो. आता वाटतं, तुम्ही फक्त विचार करत होता. हा वाद आपण संपवलाच नाही.

त्या हिवाळ्यात बारामतीत पोस्टर लागलं. मास्तरांचा ऑर्केस्ट्रा, शेवटचा दौरा. मी म्हणालो, प्रत्येक दौऱ्याच्या पोस्टरवर 'शेवटचा' असं छापतच असतील. वडिलांची शिकवण होती की बाजारात सांगितलेला पहिला भाव खरा मानायचा नाही, आणि मी ती शिकवण सगळीकडे वापरत होतो. तिकीट होतं ऐंशी रुपये. त्यात थेटरला सात-आठ सिनेमे झाले असते. स्पीकरचं काम तुमच्याकडे आलं होतं, म्हणून मी धरूनच चाललो होतो की कनातीच्या मागून तुम्ही मला आत घ्याल. तुम्ही साफ नकार दिलात. फुकट ऐकून वाद घालायचा नाही, तिकीट काढून बस. पैसे मोडलेस की कान टवकारून ऐकशील.

तुमचं खरं होतं. मी कान टवकारून बसलो. पण ऐंशी रुपये मोडलेल्या कानांना गाणं कमी आणि खोट जास्त ऐकू येते, हे तुम्ही सांगितलं नव्हतं.

मला पहिल्यापासून सगळं दिसत होतं. मास्तर दर दोन गाण्यांनंतर खुर्चीवर बसत होते. ड्रमवाला जेमतेम माझ्या वयाचा, म्हणजे मूळचा नव्हेच. ओळखीचं गाणं आलं की मास्तर माईक लोकांकडे धरायचे आणि लोक खुशीत ओरडायचे. म्हणजे गायचं आपण आणि वर ऐंशी रुपयेही द्यायचे आपणच. शेजारच्या खुर्चीवर एक गृहस्थ डोळे पुसत होते. मला त्यांचाही संशय आला.

मग शेवटचं गाणं. तुमचं ते. शेवटच्या कडव्याच्या तोंडाशी मास्तरांनी आमच्याकडे पाठ फिरवली. त्यांचे खांदे हलत होते, खोकला आवरत असावेत. माईक कमरेपाशी खाली आला होता. आणि आवाज मात्र वर चालला होता. न तुटता, न थरथरता, उंच. सगळं मैदान उठून उभं राहिलं. मी एकटा बसून होतो, कारण माझी नजर त्या कमरेपाशी आलेल्या माईकवर होती.

दोन दिवसांनी मी कॉलेजच्या भित्तिपत्रकात लिहिलं. इथे ते वाक्य जसंच्या तसं लिहितो, कारण पुढचं सगळं त्याने केलं: 'अडीच तासांत तिकिटाच्या मोलाचं एकच कडवं होतं, तेवढंच शुद्ध, आणि तेवढंच कॅसेटवरचं.'

फलकाभोवती गर्दी जमली. मी लिहिलेलं वाचायला गर्दी जमण्याची ती पहिलीच वेळ. मी लांब खांबाला टेकून उभा होतो आणि मला उंच झाल्यासारखं वाटत होतं. लेखात तुमचं नाव नव्हतं. पण कॅसेट लावायची तर ती स्पीकरवाल्याच्याच टेबलावरून लागणार, हे कोणालाही कळण्यासारखं होतं. लिहिताना मला ते सुचलं नव्हतं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. तात्या, सुचलं होतं. मी पेन थांबवलं होतं. मग तसंच पुढे लिहिलं.

पुढचं तुम्ही भोगलंत. मुलं तुम्हाला कॅसेटतात्या म्हणायला लागली. स्नेहसंमेलनाचं काम इतकी वर्षं तुमच्याकडे असायचं, ते मुलांच्या कमिटीने दुसऱ्या मंडपवाल्याला दिलं. एका लग्नात तुम्ही माईक उभा करत असताना मुलीच्या मामांनी मांडवाच्या मधोमध विचारलं, "तात्या, मंगलाष्टका तरी भटजीच म्हननार हायती ना?" मांडव हसला. तुम्हीही हसलात. मी तुमच्यामागे कर्णा धरून उभा होतो, आणि त्या दिवशी संध्याकाळी ओसरीवर मी तुम्हाला विचारलं.

"तात्या, कॅसेट होती का?"

"तुला काय वाटतंय?"

"मला वाटतं, होती."

तेव्हा तुम्ही तो प्रश्न विचारलात आणि मी वाकलो.

त्यानंतर महिन्याभराने तुम्ही मला वरकुट्याला नेलंत, तुमच्या भावाच्या कळपाकडे. उन्हं कलली होती. दिवसभर वेगळी कोंडलेली कोकरं सोडली आणि एकच गलका उठला. शंभरभर माद्या ओरडतायत, तेवढीच कोकरं ओरडत धावतायत, आणि सगळी एकसारखी काळी. मला वाटलं आता नुसता गोंधळ होणार. पाच मिनिटांत प्रत्येक कोकरू आपापल्या आईखाली होतं. "आवाजावर," तुम्ही म्हणालात. "येक बी चुकत न्हाय." मी तेव्हाही संशयच घेतला. तुम्ही विषय बदलताय, मला गोड बोलून गप्प करताय, असं वाटलं. मी विचारलं, तुम्ही कळपात असताना गात होता म्हणे, मग घरी का गात नाही? चार भिंतींत गळा उघडत नाही, म्हणालात. रान लागतं. आणि परत येताना एसटीत, खिडकीकडे तोंड करून, "तुजं कान चांगलं हायती. निस्तं भ्यालेलं हायती."

मी कशाला भ्यालो असेन, हे विचारायचं राहून गेलं. मग ते विचारायला तुम्हीच राहिला नाहीत.

दहाव्यानंतर काकींनी तुमचा पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. प्रत्येक कार्यक्रमाला तुम्ही अ‍ॅम्प्लिफायरला टेपरेकॉर्डर जोडून एक कॅसेट भरून ठेवायचात, मशीन नीट चाललं का ते नंतर ऐकायला. तुम्हाला लिहिता येत नव्हतं, म्हणून कॅसेटींवर चित्रं होती. पाळणा म्हणजे बारसं, घोडा म्हणजे वरात. एकीवर पळीसारखं काहीतरी काढलेलं होतं आणि पळीला सहा तारा होत्या. काकी म्हणाल्या, लाव की. सकाळचे अकरा वाजले असतील, त्या सुपात ज्वारी निवडत होत्या.

मास्तर ऐकू आले. दमलेले, लोकांना गायला लावणारे. त्यांचं शेवटचं गाणं सुरू झालं. प्रत्येक कडव्याच्या अखेरीला एकच ओळ परत येते, गेलेला वारा वळून बघत नाही, अशी. मास्तर 'नाही' अगदी स्वच्छ म्हणत होते, मुंबईच्या माणसासारखं. मग लांबून खोकला. मग अगदी जवळून, टेपच्या कानाशी बसल्यासारखा, कोणीतरी श्वास घेतला. आणि तो आवाज वर गेला.

गेलेला वारा वळून बघत न्हाय.

काकींच्या हातातलं सूप थांबलं. मी मागे नेऊन परत लावलं. परत 'न्हाय'. तिसऱ्यांदा लावल्यावर काकी म्हणाल्या, आता पुरं कर, टेप घासंल.

तात्या, कॅसेट नव्हती. स्टेजच्या कडेला, पडद्याआड, स्पीकर तपासायला ठेवलेल्या तुमच्या पत्र्याच्या माईकवर तुम्ही गात होता. जो सूर ट्रान्झिस्टरवर ऐकून रानात शिकलात, तो मास्तरांच्या गळ्यातून निसटला तेव्हा तुम्ही खाली पडू दिला नाहीत. आवाज मास्तरांचा नाही, हे मला बरोबर कळलं होतं. एवढ्या मैदानात ते बहुधा मला एकट्यालाच कळलं. पण कोणाचा आहे, हे कळलं नाही. तुमच्या घरी जेवून, तुमच्या कर्ण्यांच्या मध्ये झोपून, मला तुमचा आवाज ओळखता आला नाही. आणि ज्या शब्दावरून ओळखायचा, तोच शब्द मी दोन वर्षं जिभेवरून घासून काढत होतो. मी त्याला 'शुद्ध' म्हणून मोकळा झालो. कान कशाला भ्याले होते, ते आता कळतंय.

आता उत्तर. न्हाय म्हटलं असतं तर विश्वास ठेवला असता का? ठेवला नसता, तात्या. मी म्हणालो असतो, मग आवाज कोणाचा? आणि तिथे तुम्हाला एक तर खोटं बोलावं लागलं असतं, नाहीतर मास्तरांना उघडं पाडावं लागलं असतं. म्हणून तुम्ही आधी मला तोलून बघितलंत. मी हलका भरलो.

पण तुम्ही आज नाहीत म्हणून मी सगळंच गोड लिहावं, असंही मला वाटत नाही. ही फसवणूकच होती. लोकांनी तिकीट मास्तरांच्या गळ्याचं काढलं होतं, बिरूतात्यांच्या नव्हे. शिवाय त्या टेपवर मला आणखी एक गोष्ट ऐकू आली आहे. माईकचं बटण दाबल्याचा खट्ट आवाज. तो खोकल्याच्या नंतर नाही, आधी येतो. म्हणजे खोकला येणार हे तुम्हाला ठाऊक होतं का? दुपारी चहा घेताना मास्तरांनी तुमच्याकडे काही मागितलं होतं का? की त्यांच्या श्वासावरून तुम्ही ओळखलंत, जसं आजारी मेंढरू लांबून ओळखायचात? दर गावात ते कोणाला तरी असं पडद्याआड बसवत होते का? तसं असेल तर त्यांच्या दौऱ्याचं तिकीट कशाचं होतं? मी हे प्रश्न मनातून काढू शकत नाही. दर गावात तुमच्यासारखा गळा सापडत असेल, यावर मात्र माझा विश्वास नाही. आणि मी सहसा कशावर विश्वास ठेवत नाही, तेव्हा 'विश्वास नाही' या माझ्या म्हणण्यालाही तुम्ही हसाल.

माझी अडचण तुम्हाला कळली असेल. 'कॅसेट नव्हती' एवढंच लिहिलं तर कोणी मानणार नाही. खरं कोण गायलं ते लिहिलं तर कॅसेटतात्या हे नाव पुसलं जाईल, पण तुम्ही जे पोटात ठेवलंत ते चव्हाट्यावर येईल. गप्प बसलो तर सगळं आहे तसं राहील आणि त्यात त्रास फक्त तुमच्या नावाला होईल. दोन दिवस मी काहीच केलं नाही. मग काकींना विचारलं.

काकींनी सांगितलं की माझ्या लेखाचा कच्चा कागद त्यांना अंथरुणाखाली सापडला होता, आणि तुम्ही तो त्यांच्याकडून वाचून घेतला होता. त्या चौथी शिकलेल्या, ओळीखाली बोट धरून वाचतात. म्हणजे मी 'कॅसेटवरचं' असं लिहिलेलं तुम्हाला मुलांच्या आधी कळलं होतं. तुम्ही तो कागद फाडला असतात तर मला परत लिहायचं धाडस झालं नसतं. मी विचारलं, मग ते काय म्हणाले?

"त्या तिकिटाच्या वळीवर थांब म्हनले. परत वाच म्हनले. म्या परत वाचली," काकी म्हणाल्या. "मंग हसाय लागले. म्हनले, बघ, ऐंशी रुपयं फिटलं म्हनतंय पोरगं. कागद हुता तितं ठिवून दे."

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, लिही.

उद्या हे फलकावर लावतो आहे. एका कागदात मावणार नाही, चार जोडावे लागतील. त्याच्या वर माझी ती जुनी ओळ परत लिहिली आहे. बदल फक्त शेवटी केला आहे. अडीच तासांत तिकिटाच्या मोलाचं एकच कडवं होतं. तेवढंच शुद्ध, आणि तेवढंच बिरूतात्यांचं.